गोकर्ण ते पुणे, एका दमात?

पत्र : नमस्कार ताई. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्या गाडीनं कर्नाटक फिरायला निघतोय. मी, नवरा, चौदा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय 71, मधुमेह आहे, गुडघे दुखतात). विजयपूर, बदामी, हंपी, म्हैसूर, कूर्ग, उडुपी, गोकर्ण असा दहा दिवसांचा बेत आहे. बाकी सगळं ठरलंय, घोडं अडलंय शेवटच्या दिवसावर. नवऱ्याचं म्हणणं, रविवारी पहाटे चारला गोकर्ण सोडायचं आणि थेट पुणे. "घरच्या ओढीनं रस्ता आपोआप सरतो, मध्ये मुक्काम म्हणजे चार-पाच हजार पाण्यात." सोमवारी त्याला ऑफिस आहे. गेल्या वर्षी केरळहून परतताना असंच केलं होतं. बेळगावला कुंदा घ्यायला दहा मिनिटं थांबू म्हटलं, तर तो तडकला. मग मीही बोलले. आई मध्ये पडल्या, त्यांनाही तो बोलला. त्यानंतर कात्रजपर्यंत गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. मुलं अजून त्या प्रवासाला 'कुंदा ट्रिप' म्हणतात. मला गाडी येते, गावात रोज चालवते, पण हायवेवर तो स्टिअरिंग देत नाही. आईंना परतताना अंबाबाईचं दर्शन हवंय, तेही 'गर्दी असेल' म्हणून बारगळलंय. मी मुक्कामाचा हट्ट धरावा का? की उगाच बाऊ करतेय?

— एक वाचक, कोथरूड

ताई, हट्ट धरा. बाऊ तर अजिबात नाही. फक्त 'मुक्काम करूया का?' असं विचारू नका, त्याला 'नको' हे उत्तर तयारच असतं. कुठला मुक्काम वाढवायचा आणि त्यासाठी कुठला कापायचा, हे तुम्हीच मांडा. माझं मत विचाराल तर शनिवारी रात्री कोल्हापूर, रविवारी सकाळी अंबाबाई आणि दुपारी चार-पाचपर्यंत घर. दहा दिवसांच्या प्रवासात शेवटचा दिवस सगळ्यांत कमी किलोमीटरचा असावा. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. सगळी ठिकाणं बसवून झाली की जे काही अंतर उरतं ते शेवटच्या दिवसाच्या माथी मारलं जातं, म्हणून तो दिवस आधी ठरवायचा आणि मग हंपीत किती रात्री, कूर्गला किती, हे बघायचं.

तुमच्या नवऱ्याचा हिशोब आधी तपासू. गोकर्णहून अंकोला, अरबैल घाट, यल्लापूर, मग धारवाडच्या बाजूनं बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा, पुणे. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. नकाशा दहा तास दाखवतो, म्हणजे पहाटे चारला निघालं की दुपारी दोनला घरी जेवायला, असे त्यांचे मनातले मांडे असणार. आता प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. चारला निघायचं ठरवलेली पाच माणसं साडेपाचला निघतात. उठलेली मात्र तीनलाच असतात. अंकोल्यापासून यल्लापूरपर्यंत घाट आणि ट्रकांची वर्दळ, तिथं वेग मिळत नाही. नाश्ता, आईंचे गुडघे मोकळे करणं, मुलाची 'लागली'. बेळगावला अकरा वाजतात, कोल्हापूरला जेवून निघेपर्यंत तीन. जेवणानंतरचे दोन-तीन तास शरीर तसंही झोपेला आलेलं असतं. नेमक्या त्या वेळी समोर सरळ महामार्ग, मागे सगळे पेंगलेले. पुढं रस्त्याची कामं आणि वळवलेली वाहतूक लागली तर ती वेगळीच. किणी, तासवडे, आनेवाडी करत खंबाटकीला पोचाल तेव्हा दिवाळीची सुट्टी संपवून परतणारं निम्मं पुणे तुमच्या पुढं रांगेत उभं असेल.

म्हणजे खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत संध्याकाळचे सात-आठ होतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे वार्षिक अहवाल पाहिले तर संध्याकाळी 6 ते 9 याच वेळात देशात सर्वाधिक अपघात होतात, वर्षानुवर्षं. आणि तुमच्या वाट्याला या वेळेत कुठला रस्ता येणार? कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरणारा. वारज्याला, कोथरूडला जाणाऱ्याला तो चुकत नाही. 20 नोव्हेंबर 2022 ची रात्र आठवत असेल. रविवारच होता. उतारावर ताबा सुटलेल्या एका अवजड वाहनानं पुढच्या गाड्यांना धडक दिली आणि 48 च्या आसपास गाड्यांचं नुकसान झालं. तो उतार इतका लांब आहे की डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडणारे मागून येत असतात. अशा ठिकाणी आरशात सतत नजर हवी, पाय ब्रेकजवळ हवा. पहाटे तीनला उठलेला माणूस तिथं रात्री आठला पोचतो, म्हणजे सतरा तास जागा. ऑस्ट्रेलियात 1997 मध्ये झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची हालचालीतली अचूकता रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी उतरलेली दिसली. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्यानं ठरवलेली मर्यादा 0.03 टक्के आहे. तुमचे यजमान थेंबभरही न घेता त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखे झालेले असतील, आणि ते त्यांना स्वतःला जाणवणार नाही. थकव्याची हीच गोम आहे.

'घरच्या ओढीनं रस्ता सरतो' हे मात्र त्यांनी अगदीच मनचं सांगितलेलं नाही. नेदरलँड्समधल्या नील्स व्हान दे व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. जाण्याचं आणि येण्याचं अंतर सारखंच असलं तरी येणं लोकांना कमी वेळाचं वाटतं. त्यांच्या मते कारण अपेक्षेत आहे. जाताना आपण धरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागतो, म्हणून परतताना मन आधीच लांबच्या प्रवासाची तयारी करून बसतं आणि मग तो छोटा वाटतो. पण हे सगळं वाटण्याचं झालं. स्टिअरिंगवरच्या मनगटांना आणि डोळ्यांना किलोमीटर तेवढेच पडतात. आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 चा होता, 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. पगार घेऊन गाडी चालवणाऱ्यासाठी त्यात साधारणपणे दिवसाला आठ तास कामाची मर्यादा आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. रोज तेच काम करणाऱ्या माणसाला जे झेपत नाही असं तो कायदा धरून चालला होता, ते वर्षभर हिंजवडीला खुर्चीत बसणाऱ्यानं एका रविवारी करून दाखवायचं, यात पराक्रम कसला? (तुमचे यजमान हिंजवडीलाच जातात असं मी धरून चाललेय. नसतील तर माफी, पण खुर्ची असेलच.)

आता कापायचं काय? गोकर्णला तुम्ही दोन रात्री धरल्या असाव्यात, असा माझा अंदाज. त्यातली एक सोडा. उडुपीहून दुपारपर्यंत गोकर्णला या, महाबळेश्वराचं दर्शन, संध्याकाळी ओम बीच, एक रात्र. शनिवारी नाश्ता करून, म्हणजे उजेडात, निघा. कोल्हापूर तीनशेच्या थोडं वर आहे. तेवढ्याला आरामात आठ-नऊ तास लागले तरी संध्याकाळी पोचता. रविवारी पहाटे देऊळ उघडतंच, लवकर गेलात तर आईंना रांगेत फार उभं राहावं लागणार नाही. तुमच्या तारखा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येत असतील तर किरणोत्सवाच्या (मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात, त्या सोहळ्याच्या) तारखा तपासून घ्या. त्या दिवसांत मावळतीला देवळात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा शनिवारी संध्याकाळी तिकडे फिरकू नका. मिसळ खाऊन दहाला निघालात तर पुढं राहिले दोनशे तीस किलोमीटर, खंबाटकीची रांग धरूनही अंधारायच्या आत घरी. गोकर्णची एक रात्र जाऊन कोल्हापूरची एक आली, म्हणजे मुक्कामाचा खर्च जवळपास तेवढाच. चार-पाच हजारांचा मुद्दा तिथंच संपला. गोकर्णचं बुकिंग आधीच झालं असेल आणि पैसे परत मिळत नसतील तर म्हैसूरचा एक दिवस कमी करा. हंपीला मात्र हात लावू नका, ते दीड दिवसात बघणं म्हणजे अपमान आहे.

स्टिअरिंगचं काय करायचं, तर ते पहिल्या दिवशी करायचं. नऊ दिवस तो एकटाच चालवणार आणि दहाव्या दिवशी दमला की तुम्हाला 'घे आता' म्हणणार, हे तर सगळ्यांत वाईट. पुणे–सोलापूर रस्ता सरळ आणि रुंद आहे, सुरुवातीला त्यातला भिगवण ते टेंभुर्णीचा पट्टा तुम्ही मागा. तासाभरात ट्रकच्या बाजूनं पुढं जाण्याची, टोलला लेन धरण्याची भीती जाते. तो शेजारी बसून उजवा पाय दाबत राहील, दाबू दे. मग रोज एक तास तुमचा. असं झालं तर शेवटच्या दोन दिवसांत निपाणी–कागल किंवा कऱ्हाड–सातारा हा भाग तुमच्याकडे येणं कुणालाच विशेष वाटणार नाही. अरबैल घाट त्याला ठेवा, त्याचाही मान राहू दे.

बेळगावच्या कुंद्याकडे वळते, कारण तुमच्या पत्रातली खरी कळ तिथं आहे. दहा मिनिटांसाठी तो का तडकला? तो दुष्ट म्हणून नव्हे. शेवटच्या दिवशी गाडीतलं प्रत्येक जण मनानं आपापल्या घरी आधीच पोचलेलं असतं. तुमचा नवरा सोमवारच्या साडेनऊच्या मीटिंगमध्ये बसलेला होता. मुलगी तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर. आई आपल्या पलंगावर, आपल्या उशीवर. गाडीत फक्त शरीरं होती. त्यात 'थांबू या' म्हणणारा माणूस सगळ्यांचाच वैरी ठरतो. आणि तुम्ही? तुम्हालाही कुंदाच हवा होता का, हे स्वतःला विचारा. मला वाटतं तुम्हाला घरी पोचायची घाई नव्हती, कारण घरी तुमच्यासाठी काय वाढून ठेवलंय हे फक्त तुम्हालाच माहीत होतं. त्याचा प्रवास पार्किंगमध्ये चावी काढली की संपतो. तुमचा तिथून सुरू होतो. दूध नाही. फ्रिजमध्ये दहा दिवसांचं काहीतरी. दोन बॅगा धुण्याचे कपडे, त्यातला एक ओला टॉवेल. मुलाचा सोमवारचा युनिफॉर्म. आईंना रात्री आठला जेवून गोळी घ्यायची असते आणि वाजलेत साडेनऊ. दहा दिवस मोकळा गेलेला हात पुन्हा कामाला जुंपायच्या आधी दहा मिनिटं स्वतःच्या मर्जीची मिळावीत, एवढंच त्या कुंद्यात होतं. हे त्याला कळणार नाही, कारण तुम्ही त्याला कुंदाच सांगितलात.

म्हणून घरी पोचल्यानंतरचे दोन तास निघण्याआधीच वाटून घ्या, आणि ते सगळ्यांसमोर, जेवणाच्या टेबलावर. रविवार रात्रीचं जेवण तुमच्याकडे नाही. पोळी-भाजीच्या डब्याला आधीच सांगा, किंवा नवऱ्यानं मुगाची खिचडी लावावी. डाळ-तांदूळ मोजून, हळद-मीठ घालून एका डब्यात भरून जा, कुकरला पाणी घालणं कुणालाही जमतं. दूध-दही शेजाऱ्यांना सांगून ठेवता येतं. युनिफॉर्म निघण्याआधी इस्त्री करून कपाटात. बॅगा त्या रात्री उघडायच्याच नाहीत, फक्त औषधं आणि टूथब्रश एका वेगळ्या पिशवीत असले की झालं. ती पिशवी कोल्हापूरच्या खोलीवर भरून घ्या आणि मळके कपडे एकाच बॅगेत कोंबा. शेवटच्या दिवशी सामान वाढलेलं असतं, त्यामुळं मागच्या काचेपर्यंत पिशव्यांची थप्पी लागते आणि चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. नवले पुलाच्या उतारावर ते परवडणारं नाही. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायची पद्धत तुमच्याकडे असेल तर तेवढं आईंना करू द्या. त्याला भाकरी नसली तर ब्रेडचा तुकडाही चालतो, देव काही म्हणत नाही.

आणि हो, गाडीत शेवटच्या दिवशी खर्चाचा हिशोब काढायचा नाही. 'एकूण किती झाले गं?' हा प्रश्न साताऱ्याजवळ हमखास निघतो. दिवाळीत कुणी काय आहेर केला, सहामाहीचे मार्क, नणंदेचा फोन का आला नाही, हे सगळं मंगळवारी. थकलेल्या माणसाला आवाजातला चढ-उतार कळत नाही, साधा प्रश्नही त्याला टोमणा वाटतो.

सासूबाईंबद्दल थोडं सविस्तर, कारण पत्रात त्या दर्शनापुरत्याच आल्यात. त्यांच्या वयाच्या बायका लांबच्या प्रवासात पाणी पिणं बंद करतात. कारण उघड आहे : हायवेवरचं स्वच्छतागृह कसं असेल याची भीती आणि 'आपल्यामुळं गाडी थांबायला नको' हा संकोच. मधुमेह असताना पाणी तोडणं चांगलं नाही. लघवीच्या जंतुसंसर्गाला त्यातून आमंत्रण मिळतं, बद्धकोष्ठ होतो, चक्कर येते. गेल्या वर्षी तुमच्या भांडणात त्या मध्ये पडल्या आणि बोलणी खाऊन बसल्या, म्हणजे या वर्षी त्या 'थांबवा' म्हणणारच नाहीत. त्यांनी सांगायची वाट बघू नका. दर दोन तासांनी गाडी थांबणारच, कुणी मागो न मागो, असं आधीच जाहीर करा. चांगलं हॉटेल किंवा मोठा पेट्रोल पंप दिसला की थांबायचं, गरज पडल्यावर शोधायचं नाही. दोन तासांनी पाच मिनिटं चालणं गुडघ्यांनाही लागतं आणि पायांची सूजही त्यानं कमी राहते. जेवणाची वेळ टळणार असेल आणि गोळी किंवा इन्सुलिन घेऊन झालं असेल तर साखर खाली जायचा धोका असतो. तेव्हा राजगिऱ्याची चिक्की, बिस्किटं आणि ग्लुकोज त्यांच्या हाताशी हवं, डिकीत नव्हे. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना प्रवासातल्या गोळ्यांच्या वेळा विचारून घ्या. फक्त एक करू नका. मुक्कामाची मागणी आईंच्या गुडघ्यांच्या नावावर मांडू नका. अंबाबाई त्यांची, मुक्काम तुमचा. नाहीतर उद्या कोल्हापुरात पार्किंग मिळालं नाही की त्याचं खापर त्यांच्यावर फुटेल.

मुलांचं फार मनावर घेऊ नका. आठ वर्षांच्याला भूक आणि झोप सांभाळली की पुरतं. मुलीला मात्र काम द्या. कोल्हापूर ते पुणे कुठं थांबायचं, काय खायचं हे तिनं ठरवावं, फास्टॅगमध्ये पैसे उरलेत का हे तिनं बघावं. चौदाव्या वर्षी कुणी विचारलं की माणूस मोबाइल खाली ठेवतो, निदान अर्धा तास.

राहता राहिलं नवऱ्याशी बोलणं. रात्री अकराला, तो लॅपटॉप मिटत असताना विषय काढू नका. रविवारी सकाळी चहाच्या वेळी, कागदावर दोन्ही बेत लिहून समोर ठेवा : थेट आलो तर कुठं किती वाजतात, कोल्हापूरला राहिलो तर कुठं किती. गेल्या वर्षीचं भांडण त्यात आणू नका, तो बचावात जाईल आणि नकाशा बाजूलाच राहील. त्याच्याकडे एक खरी अडचण आहे, सोमवारचं ऑफिस. घरी चारला पोचलेला माणूस सोमवारी ताजा असतो, साडेनऊला पोचलेला नाही, हे त्याच्याच फायद्याचं आहे. तेवढं बोला आणि विषय त्याच्याकडे सोडून द्या. एकदम 'हो' म्हणणार नाही, बुधवारपर्यंत वाट बघा.

तरीही तो थेट यायचंच म्हणाला, तर अटी घाला. शनिवारी रात्री साडेनऊला सगळे झोपतील, पहाटे तीनला उठणं रद्द, सहाला निघायचं. चालवणारे दोघं. कोल्हापूरला जेवणानंतर गाडी तुमच्याकडे, त्यानं शेजारी झोपायचं. जांभया सुरू झाल्या की काच खाली करणं आणि गाणी मोठ्यानं लावणं हे उपाय नाहीत. कडक चहा किंवा कॉफी घ्यायची, लगेच गाडीतच वीस मिनिटं डोळे मिटायचे, उठेपर्यंत ती लागू पडलेली असते. आणि शेवटची अट : संध्याकाळी साडेपाचला साताऱ्याच्या पुढं गेला नसलात तर त्या रात्री साताऱ्यातच राहायचं, सोमवारी पहाटे निघायचं, ऑफिसला तो दुपारी जाईल. ही अट पुण्याहून निघण्याआधी कबूल करून घ्या, आईंसमोर. साताऱ्यात संध्याकाळी साडेपाचला ती कुणीही कबूल करत नाही.